पत्रांची रांग, धड्यांची रांग

मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी रोशनीचा फोन आला, तेव्हा हर्षा घाटोळे ऑफिसचा डबा भरत होती.

"ताई, मी उमरेडहून बोलून राहिली. सेंटरवर उभी आहो. हे म्हणतात पत्र आलंच नाही."

"कोणतं पत्र वं?"

"पिंकीचं. माह्या नव्या रायटरचं. पत्राशिवाय तिले आत सोडत नाही म्हणतात."

हर्षाने डब्याचं झाकण तसंच ठेवलं आणि लॅपटॉप ओढला. पेपर साडेनऊचा होता.

रोशनी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला दिसत नव्हतं. ती तोंडाने उत्तर सांगायची आणि शेजारी बसलेली मुलगी ते लिहायची. नेहमीची मुलगी रविवारी तापाने आडवी झाली, म्हणून सोमवारी संध्याकाळी धावपळ करून उमरेडचीच पिंकी ठरवली. आता लिहिणारी बदलली की तिचं नाव, शाळा, फोटो आणि ओळखपत्र असलेलं पत्र परीक्षा केंद्राला मेलने जावं लागे. ते पत्र पाठवायचं काम मनीषनगरच्या 'बोलकं वाचनालया'चं. आणि वाचनालयाचा मेल सर्व्हर सांभाळायचं काम हर्षाचं.

हर्षालाही जन्मापासून दिसत नव्हतं. नागपुरातल्या एका कंपनीत ती सात वर्षं सर्व्हरची देखभाल करत होती. स्क्रीनवर जे उमटेल ते संगणक तिच्या कानात वाचून दाखवायचा, तेही इतक्या वेगाने की शेजारच्या टेबलावरच्या अंकितला ती कुरकुर वाटायची. "यातलं तुला काय कळतं गं?" असं त्याने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्याने स्वतःचा बिघडलेला सर्व्हर तिच्यापुढे आणून ठेवला आणि मग तो विषय संपला.

तिने वाचनालयाच्या सर्व्हरवर जाऊन रांग तपासली. कानात आकडा पडला: अकराशे चाळीस.

अकराशे चाळीस मेल बाहेर पडायची वाट बघत उभे होते. रोज सकाळी सहा वाजता वाचनालयातून नऊशे वीस श्रोत्यांना आपापल्या पुस्तकाचा त्या दिवसाचा ध्वनिमुद्रित धडा जायचा. आवाजाची फाइल, म्हणजे मेल चांगलाच जड. काल काही अडकले होते, आज नवे आले, आणि त्या सगळ्यांच्या मागे, अगदी शेपटाला, सकाळी सात-चाळीसला पाठवलेलं पिंकीचं पत्र.

"थांब, पुढं काढते," हर्षा म्हणाली. तिने त्या एका मेलला रांगेतून उचलून पुढे ढकललं. पण केंद्राकडच्या मेल सर्व्हरने दारातूनच परत पाठवलं: तुमच्या पत्त्यावरून फार मेल येत आहेत, थोड्या वेळाने या. तिने पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. धड्यांनी दार अडवलं होतं आणि त्यांच्या पायी पत्रालाही कोणी आत घेईना.

आठ वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"रोशनी, तिथं कोण आहे कागद बघणारं? त्यांच्याकडे फोन दे."

थोडी खुसपुस झाली. मग एक जाडा, घाई नसलेला आवाज आला. "हं, बोला मॅडम. महादेवराव बोलतो, परीक्षा विभागाचा बाबू."

हर्षाने सगळं सांगितलं. पत्र तयार आहे, सही आहे, निघालं आहे, पण वाटेत अडकलं आहे. "मी माझ्या स्वतःच्या मेलवरून दोन मिनिटांत पाठवते."

"तुमच्या घरच्या मेलवरून आलेलं मले चालत नाही, मॅडम. वाचनालयाचा जो पत्ता आमच्या रजिस्टरात हाय, त्याच्याच वरून आलं पायजे. नाहीतर उद्या कोणीबी पाठवन."

त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच हर्षाच्या तोंडचं पाणी पळालं. नियम चुकीचा असता तर भांडता आलं असतं. ती स्वतः बारावीला असताना तिची लिहिणारी मुलगी वीस मिनिटं उशिरा आली होती. त्या वीस मिनिटांत बाकावर बसून, शंभर जणांच्या पेनांचा आवाज ऐकत आपण काय केलं होतं ते तिला अजून आठवत होतं. काहीच केलं नव्हतं. करण्यासारखं काही नव्हतंच.

"काका," ती म्हणाली, "चूक आमच्या मशीनची आहे. म्हणजे माझीच आहे. त्या पोरीची नाही."

मग महादेवराव म्हणाले, "पत्र निघालं म्हणता, मंग हाय कुठं ते?"

"अकराशे मेलच्या मागं उभं आहे."

"अन् पोचन केव्हा?"

"बारापर्यंत नक्की."

"हं. पत्राची नक्कल तुमच्यासमोर हाय का? मंग वाचा. सावकाश वाचा, मी लिहून घेतो."

हर्षाने कानातला वेग कमी केला आणि ऐकत ऐकत एकेक ओळ सांगत गेली. जावक क्रमांक, तारीख, पिंकीचं पूर्ण नाव, शाळा, इयत्ता, ओळखपत्राचा नंबर. महादेवराव प्रत्येक आकडा परत म्हणायचे. मध्येच ते पिंकीला म्हणाले, "कार्ड दाखव वं पोरी," आणि मग, "जमते. नंबर जमते." त्यांचं पेन कागदावर फिरताना हर्षाला ऐकू येत होतं. फोन रोशनीच्या हातात परत गेला, पण तिने तो बंद केला नाही. ती त्यांच्या मागोमाग चालत होती. केंद्रप्रमुखांच्या खोलीचं दार उघडलं.

"साहेब," महादेवरावांचा आवाज जरा दुरून आला, "पत्र निघालं हाय, वाटेत हाय. तपशील मी फोनवर घेतला अन् कार्डाशी पडताळला. पोरीले बसू द्या. साडेबारापर्यंत नाही आलं तर जबाबदारी माही."

"महादेवराव, तसं लिहून द्यावं लागेल."

"लिहूनच आणलं हाय, साहेब."

नऊ वाजून बावीस मिनिटांनी रोशनी आत गेली. जाता जाता ती एवढंच म्हणाली, "ताई, ठेवतो आता," आणि फोन बंद झाला. हर्षा स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून राहिली. एका अनोळखी माणसाने, ज्याचा चेहरा तिला कधी कळणार नव्हता आणि ज्याने तिचं नावही विचारलं नव्हतं, आपल्या सहीचा कागद तिच्या चुकीखाली आधाराला लावला होता.

त्या दिवशी ऑफिसात तिचं चित्त नव्हतं. दर दहा मिनिटांनी ती रांग तपासायची. आठशे. साडेपाचशे. दोनशे दहा. अकरा वाजून बावन्न मिनिटांनी पत्र पोचलं. तिने लगेच केंद्रावर फोन लावला.

"आलं," महादेवराव म्हणाले. "छापून फाइलले लावलं. माहा कागद काढून घेतला."

"काका, तुमचे आभार कसे मानू…"

"आभाराचं राहू द्या, मॅडम. मले एक सांगा. ज्याले घाई हाय अन् ज्याले नाही, त्या दोघाइले तुम्ही एकाच लायनीत काहून उभं करता? आमच्या इथल्या सरकारी दवाखान्यात बी चिठ्ठीची लाइन अलग हाय अन् अपघाताची अलग. आज मी होतो. उद्या मी सुट्टीवर असलो तं?"

कंपनीच्या ग्राहकांसाठी तिने स्वतः अशा वेगळ्या रांगा कितीदा लावून दिल्या होत्या. बिलं एका रांगेत, जाहिराती दुसऱ्या. आणि वाचनालयाचा सर्व्हर? तो चालत होता, म्हणून त्याला कोणी हात लावला नव्हता. परक्याच्या कामात जी काळजी घेतली ती घरच्या कामात राहून गेली, आणि ते तिला उमरेडच्या एका बाबूने दवाखान्याचं उदाहरण देऊन सांगावं लागलं. तिला लाज वाटली, पण त्याहून जास्त बरं वाटलं. कोणीतरी रागावण्याऐवजी नीट सांगितलं होतं.

रोशनीचे अजून तीन पेपर बाकी होते. पुढचा सोमवारी. नेहमीची मुलगी बरी होईपर्यंत प्रत्येक पेपरला नवं पत्र लागणार होतं. हर्षाने ठरवलं, शनिवारी हे काम संपवायचंच.

शनिवारी दुपारी ती मनीषनगरला गेली. वाचनालय म्हणजे इंदुताई देवतळ्यांच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमधल्या दोन खोल्या. एकीत टेबल, कपाट आणि सर्व्हरचं यंत्र. दुसऱ्या खोलीत भिंतींना गाद्या लावलेल्या, मध्ये माइक. रेकॉर्डिंग चालू असताना पंखा बंद करावा लागे, त्यामुळे मार्चनंतर इंदुताई पहाटे पाचला उठून वाचायच्या. त्या मराठीच्या निवृत्त शिक्षिका. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. चौदा वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यासाठी एक पुस्तक वाचलं, आणि मग थांबायचं राहूनच गेलं. इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, जे पुस्तक कोणी मागेल ते. चित्र आलं तर चित्र सांगायच्या, तक्ता आला तर तक्ता सांगायच्या. हर्षाची अकरावी-बारावी त्यांच्याच आवाजावर झाली होती. शिकून नोकरीला लागल्यावर ती एक दिवस इथे आली आणि म्हणाली होती, "बाई, मला मशीनचं कळतं. ते मी बघत जाऊ का?" एवढंच. त्या आधीचं काही ती बोलली नव्हती.

"काय करणार आहेस, मला कळेल असं सांग," इंदुताईंनी ताकाचा पेला तिच्या हाताशी ठेवला.

"दोन रांगा करते, बाई. पत्रांची एक आणि धड्यांची एक. आत्ता दोघांचा पत्ता एकच आहे, म्हणून धडे अडले की पत्रंही अडतात. मी सर्व्हरला दुसरा पत्ता घेतलाय. पत्रं जुन्याच, केंद्राच्या रजिस्टरातल्या पत्त्यावरून जातील, लगेच. धडे दुसऱ्यावरून, हळूहळू, म्हणजे समोरचे सर्व्हर दार लावून घेणार नाहीत."

"म्हणजे माझे धडे मागच्या रांगेत."

त्या हसून म्हणाल्या होत्या, पण हर्षाचा कान आवाजावरच जगणारा. हसण्याखालचा तो उतार तिला कळला.

"मागच्या नाही, बाई. वेगळ्या. धडा एक तास उशिरा पोचला तर चालतं. पत्राचं तसं नाही."

"अगं, मी कुठे नाही म्हणते? बरोबरच आहे. पत्र पोचलं नाही तर पोरीचं वर्ष जातं. धडा पोचला नाही तर कोणाचं काय अडतं?" इंदुताईंनी खुर्ची सरकवली. "चौदा वर्षं वाचतेय. शेवटी दर वेळी वाचनालयाचा फोन नंबर सांगते, काही अडलं तर कळवा म्हणून. आजवर एकानं तरी कळवलं का? विहिरीत दगड टाकावा आणि आवाज येऊ नये, तसं आहे ते. ऐकतात की नाही, देव जाणे. कर तू तुझं काम."

हर्षाला काहीतरी म्हणायचं होतं. ओठांवरही आलं होतं. पण यंत्र सुरू झालं होतं, कानात ओळी पडायला लागल्या होत्या, आणि ते शब्द मागे पडले.

काम फार मोठं नव्हतं, पण नाजूक होतं. रांगा मांडत असताना मध्येच धडे सुटू नयेत म्हणून तिने आधी एक ओळ लिहून धड्यांची सगळी वाट बंद केली. मग नियम लिहिले. परवानगीची पत्रं करणाऱ्या टेबलावरून निघालेला मेल पहिल्या रांगेत. सकाळच्या धड्याचा मेल दुसऱ्या रांगेत, एका वेळी थोडे, मिनिटाला पन्नासच्या वर नाहीत. पहिल्या प्रयत्नाला पत्रंसुद्धा धड्यांच्या रांगेत जाऊन बसली. एका नियमाचा क्रम उलटा लागला होता. तो तिने शोधून काढला, सरळ केला आणि वीस खोटी पत्रं पाठवून बघितली. आठ सेकंद, नऊ सेकंद, आठ सेकंद. वीसही पोचली. तिने पुन्हा वीस पाठवली. अंधार पडायच्या आत ती हलक्या मनाने मेट्रोत बसली.

सोमवारी सकाळी साडेसातला रोशनीचं पत्र निघालं. सात-पस्तीसला महादेवरावांचा आवाजी संदेश आला. त्यांनी हर्षाचा नंबर कुठूनतरी मिळवून ठेवला होता. "आलं पत्र, मॅडम. माहा चहा यायच्या आंधी आलं. आता कसं बेस काम झालं." हर्षाने तो संदेश तीनदा ऐकला. ऑफिसात अंकितला ऐकवला. उमरेडजवळच्या गावी फोन करून वडिलांना, म्हणजे रुपरावांनाही ऐकवला. ते म्हणाले, "भला माणूस दिसते. आपल्या उमरेडचा हाय म्हणते ना?" हर्षा म्हणाली, "हो बाबा, आपल्याच उमरेडचा." इतक्या आनंदात दुसऱ्या रांगेकडे बघायचं तिला सुचलंच नाही.

मंगळवारी दुपारी इंदुताईंचा फोन आला. त्या वैतागलेल्या होत्या.

"हर्षा, हा वाचनालयाचा मोबाइल कालपासून डोकं उठवतोय. सारखा वाजतो. सगळे अनोळखी नंबर. माझा मुलगा म्हणतो अनोळखी नंबर उचलायचा नाही, हल्ली फसवतात. काल मी तो बिस्किटांच्या डब्यात घालून ठेवला, तर डबा वाजायला लागला. तू काहीतरी केलंस का मशीनमध्ये?"

"मी येते संध्याकाळी," हर्षा म्हणाली. तिला काही अंदाज आला नव्हता.

ती पोचली तेव्हा डबा टेबलावर होता आणि खरंच वाजत होता. तिने फोन काढला. त्रेसष्ट मिस कॉल, फोनने सांगितलं. लगेच पुन्हा वाजला. तिने उचलला.

"नमस्कार जी. वाचनालय का? मी कन्हानवरून भैयाजी बोलतो. तीन दिवस झाले, धडा नाही आला. बाईची तब्येत तं बरी हाय ना?"

हर्षाने मोकळ्या हाताने लॅपटॉप ओढला. "बरी आहे, काका. तुम्ही कोणत्या वर्गाला?"

"मी कायचा वर्गाले जी! साठी ओलांडली माही. दहा वर्षं झाले डोळे गेले. परीक्षा-बिरिक्षा काही नाही. सकाळी सहाले बाईचा धडा लागला की मंग दिवस सुरू होते आमचा. सध्या अर्थशास्त्र चालू हाय. मागणी-पुरवठा समजला, पण व्याजदरापाशी येऊन राहिलो. म्हटलं बाई कधी खंड पाडत नाही, दहा वर्षांत नाही पाडला. काही झालं तं नाही?"

"काही नाही झालं. चूक मशीनची आहे. रात्रीपर्यंत येतील तीनही धडे."

तिने लॅपटॉप उघडला. आवाजाने शांतपणे सांगितलं: थांबवलेले मेल, दोन हजार सातशे साठ. शनिवारी काम करताना वाट बंद करणारी जी एक ओळ तिने लिहिली होती, ती काढायची राहून गेली होती. पत्रांची रांग तिने चाळीस वेळा तपासली होती. धड्यांची एकदाही नाही.

तिने ती ओळ पुसली आणि रांग सोडली. आकडा हळूच उतरायला लागला. मग ती खुर्ची वळवून बसली.

"बाई, माझ्याकडून मोठी चूक झाली. रविवारपासून तुमचा एकही धडा गेलेला नाही. मी वाट बंद केली आणि उघडायची विसरले."

"तीन दिवस?"

"तीन दिवस."

"आणि हे फोन…"

"हे फसवणारे नाहीत, बाई. हे ऐकणारे आहेत."

फोन पुन्हा वाजला. हर्षाने या वेळी आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला. पवनीकडची एक बाई बोलत होती, शोभाताई म्हणून. तिच्या मुलीला दिसत नव्हतं, मुलगी अकरावीला होती. "मी पोळ्या करत करत ऐकतो जी तिच्यासंगं. मी सातवीतच शाळा सोडली होती. आता इतिहासाचं पुस्तक सारं पाठ झालं मले. बाईले म्हणा, तुमी आजारी असान तं आमी थांबतो, घाई नाही. फक्त बऱ्या आहात एवढं कळवा." तिच्यानंतर धानोऱ्याचा एक मुलगा होता. तो नुसतं "बाई आहेत ना?" एवढंच विचारून, "आहेत" ऐकून, "बरं मग" म्हणून फोन ठेवून मोकळा झाला.

इंदुताईंनी बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावलं. खोलीत पंखा फिरत होता आणि हर्षाच्या एका कानात रांग उतरत होती: दोन हजार पाचशे, दोन हजार चारशे नव्वद.

"कोणी कधी बोललं का नाही गं?" त्या म्हणाल्या. स्वतःलाच विचारल्यासारख्या.

शनिवारी गिळलेले शब्द हर्षाला आता अडवता आले नाहीत.

"कारण रोज येत होतं, बाई. रोज येतं त्याचे आभार मानायचे असतात हे सुचत नाही. मीही नाही मानले. होस्टेलवर सोळा वर्षांची होते. भूगोलाच्या धड्यात तुम्ही नकाशा सांगितला होता. म्हणालात, डावा तळहात उताणा करा, बोटं समोर. अंगठ्याकडून येते ती कन्हान. मधल्या बोटाकडून खाली उतरते ती वैनगंगा. तळहातात दोघी भेटतात. तोवर सगळ्यांनी मला सांगितलं होतं की नकाशाचा प्रश्न सोडून दे, त्याऐवजी दुसरा मिळतो. मी त्या रात्री पलंगावर बसून उजव्या हाताच्या बोटाने नद्या फिरवत होते. मला वाटलं, हे कोणीतरी माझ्यासाठी विचार करून ठेवलंय. ज्यांनी मला बघितलंही नाही त्यांनी." ती थांबली. "मी इथे आले ती त्यासाठी आले. मशीन बघते म्हणाले, कारण दुसरं कसं म्हणायचं ते येत नव्हतं."

"तळहात?" इंदुताई म्हणाल्या. "मी असं काही सांगितलं होतं?"

"तुम्हाला आठवत नाही?"

"नाही गं. अजिबात नाही." त्या हसल्या, आणि मग त्यांचं हसणं मध्येच ओलं झालं. त्यांनी हर्षाचा डावा हात ओढून घेतला, उताणा केला आणि आपलं बोट अंगठ्याच्या मुळापासून आत आणलं. "ही कन्हान?"

"हो."

"आणि पेंच राहिली की! पेंच कुठून आणली होती मी?"

"पेंच नव्हती आणली."

"मग चुकलंच माझं. पुढच्या वेळी घालते."

दोघी हसत होत्या तेवढ्यात टेबलावर फोन पुन्हा वाजला. हर्षाने हात पुढे केला, पण इंदुताईंनी तो आधीच उचलला होता. नंबर ओळखीचा नव्हता. त्यांनी घसा साफ केला, धडा सुरू करायच्या आधी करायच्या तसा.

"हॅलो. हो, मीच. मीच वाचते… नाही हो, ठणठणीत आहे. मशीन जरा रुसलं होतं. तुम्ही कुठून बोलता?… असं का? आणि कोणता धडा चालू होता तुमचा?"

पलीकडचा माणूस सांगायला लागला. इंदुताईंनी खुर्ची खिडकीजवळ ओढली, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि मध्ये एकही शब्द न बोलता त्याचं सगळं ऐकून घेतलं.